इराण सोडून निघालेल्यांची वाट कोण ठरवतं?

नमस्कार मंडळी.

2017 चा ऑगस्ट महिना. युरोपातल्या सर्बिया या देशाने एक निर्णय घेतला: इराणी पासपोर्ट असेल तर व्हिसाची गरज नाही. पर्यटक यावेत, व्यापार वाढावा, एवढाच हेतू होता. पुढे तेहरानहून बेलग्रेडला थेट विमानंही सुरू झाली आणि माणसं येऊ लागली. पण काही महिन्यांत अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं की उतरणाऱ्यांपैकी बरेच जण परतीच्या विमानात बसतच नाहीत. ते बेलग्रेड सोडून युरोपीय संघाच्या सीमेकडे चालू लागतात. युरोपीय संघाने सर्बियावर दबाव आणला आणि 2018 च्या ऑक्टोबरमध्ये ती सवलत बंद झाली. सगळा मामला जेमतेम चौदा महिन्यांचा.

त्या काळात इराणमध्ये शांतता होती असं मुळीच नाही. 2017 च्या डिसेंबरअखेरीस देशभर निदर्शनं पेटली होती. इराणने अणुकार्यक्रम आवरायचा आणि बदल्यात निर्बंध उठायचे, असा अणुकरार होता. 2018 च्या मे महिन्यात अमेरिका त्यातून बाहेर पडली आणि इराणचं चलन, रियाल, गडगडलं. देश सोडायला कारणं पुष्कळ होती. पण सर्बियाच का? त्या देशाशी इराण्यांचं ना भाषेचं नातं, ना गोतावळा. दार उघडं होतं म्हणून सर्बिया.

आज मला हेच तुमच्यासमोर मांडायचं आहे. इराणी आश्रयार्थींचे आकडे बातम्यांत येतात, आलेख वर जातो, खाली येतो, आणि आपण समजतो की आलेख वर म्हणजे इराणमध्ये जुलूम वाढला, खाली म्हणजे परिस्थिती सुधारली. हा समज फार चुकीचा आहे, आणि त्यातून माणसांवर अन्याय होतो.

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ. परक्या देशात जाऊन 'मला माझ्या देशात धोका आहे, मला इथे राहू द्या' असा अर्ज करतो तो आश्रयार्थी. तो अर्ज मान्य झाला की तो निर्वासित. मधला काळ काही महिन्यांचा असतो, कधी दहा वर्षांचाही. फारसीत निर्वासिताला 'पनाहंदे' म्हणतात. त्यातला 'पनाह' आपल्या कानाला ओळखीचा आहे. आणि गंमत नाही, खरंच सांगतो, या माणसांच्या आयुष्यातले दोन मोठे शब्द, अर्ज आणि दस्तऐवज, आपण फारसीतूनच घेतलेत.

(पडद्यावर: जर्मनीतल्या इराणी अर्जांचा आलेख)

हा आलेख बघा. जर्मनीत 2015 साली इराण्यांचे पहिल्यांदा केलेले आश्रय-अर्ज होते सुमारे 5,400. पुढच्या वर्षी, 2016 मध्ये, सुमारे 26,400. जवळपास पाचपट! मग 2016 मध्ये इराणमध्ये काय घडलं होतं? 16 जानेवारी 2016 ला अणुकराराची अंमलबजावणी सुरू झाली, निर्बंध उठले. गेल्या कित्येक वर्षांतला सगळ्यात आशेचा काळ होता तो. आणि नेमका तेव्हाच अर्जांचा डोंगर.

याचं उत्तर इराणबाहेर आहे. 2015 च्या उन्हाळ्यात सीरियातून निघालेल्या लोकांसाठी तुर्कस्तान, ग्रीस, बाल्कन देश, ऑस्ट्रिया, जर्मनी अशी वाट मोकळी झाली. वर्षानुवर्षं मनात बेत घेऊन बसलेले इराणी आणि अफगाणही त्याच वाटेने निघाले. जर्मनीतल्या कचेऱ्यांवर इतका ताण आला की 2015 मध्ये पोचलेल्या अनेकांचा अर्ज कागदावर यायला 2016 उजाडलं. म्हणजे आलेखातलं हे टोक इराणच्या घडामोडींपेक्षा बाल्कनच्या वाटेबद्दल आणि जर्मन टेबलांवर साचलेल्या फायलींबद्दल जास्त सांगतं.

ती वाटही फार दिवस राहिली नाही. 2015 च्या नोव्हेंबरमध्ये बाल्कन देशांनी ठरवलं की फक्त सीरियन, इराकी आणि अफगाण लोकांना पुढे सोडायचं. ग्रीसच्या सीमेवर इडोमेनी नावाचं छोटं गाव आहे. तिथे इराणी अडकले. त्यांच्यातल्या काही पुरुषांनी सुईदोऱ्याने स्वतःचे ओठ शिवून घेतले आणि रुळांवर बसून राहिले. बोलून उपयोग नाही, हे याहून वेगळं कसं सांगायचं?

आता उलटं उदाहरण. 16 सप्टेंबर 2022 ला महसा जिना अमिनी ही कुर्दी तरुणी पोलिसांच्या ताब्यात असताना गेली. 'ज़न, ज़िंदगी, आज़ादी', म्हणजे स्त्री, जीवन, स्वातंत्र्य, ही घोषणा जगभर पोचली. पुढच्या काही महिन्यांत शेकडो माणसं मारली गेली, निदर्शकांना फाशी झाली. आपल्याला वाटेल की जर्मनीतला आलेख आता 2016 च्याही वर गेला असेल. नाही गेला. 2023 मधले पहिले अर्ज दहा हजारांच्या आत होते. जुलूम मोठा होता, वाट अरुंद होती. जर्मनीने काही काळ इराण्यांना परत पाठवणं थांबवलं होतं, ती स्थगितीही 2023 च्या अखेरीस संपली.

जरा मागे जाऊ, कारण इराणमधून निघालेली माणसं एकाच जातकुळीची नाहीत. 1979 च्या क्रांतीआधी आणि लगेच नंतर गेले ते बहुतेक शहाच्या राजवटीशी जोडलेले, पैसेवाले, अधिकारी. त्यांच्याकडे विमानाचं तिकीट होतं. मग ज्या डाव्या आणि उदारमतवादी लोकांनी क्रांतीला साथ दिली होती, त्यांच्यावरच ती उलटली आणि तेही निघाले. 1980 ते 1988 इराकशी युद्ध. घरात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा असेल तर त्याला आघाडीवर जाण्याआधी डोंगरातून तुर्कस्तानात पाठवायचं, असं कितीतरी आईबापांनी केलं. बहाई धर्मीयांचं तर सगळंच हिरावलं: नोकऱ्या, विद्यापीठं, दफनभूमीसुद्धा. 1983 च्या जूनमध्ये शिराझ शहरात दहा बहाई स्त्रियांना फासावर चढवलं. त्यातली एक सतरा वर्षांची होती. मुलांना धर्मशिक्षण देणं हाही तिच्यावरच्या आरोपांतला एक होता.

तुर्कस्तानबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ही सगळी कहाणी तिथून जाते आणि बातम्यांत ती जवळजवळ नसते. इराण्यांना तुर्कस्तानात 90 दिवस व्हिसा लागत नाही. म्हणून विमानाने, बसने किंवा सीमेवरच्या वान प्रांतातल्या डोंगरातून, पहिला पाय तिथे पडतो. पण तुर्कस्तानने 1951 चा निर्वासित करार स्वीकारताना एक अट राखून ठेवली आहे. पूर्ण निर्वासित दर्जा फक्त युरोपातून आलेल्यांना. इराण्याला मिळतो तो 'सशर्त निर्वासित' दर्जा. म्हणजे दुसरा कुठला देश न्यायला तयार होईपर्यंत इथे थांबा.

हे थांबणं कसं असतं? सरकार एखादं शहर नेमून देतं. कायसेरी, डेनिझ्ली, एस्किशेहिर, अशी शहरं. तिथेच राहायचं. ठरलेल्या दिवशी कचेरीत जाऊन सही करायची. शहराबाहेर जायला परवानगी. कामाचा परवाना मिळणं कठीण, म्हणून शिकलेली माणसं कारखान्यात, शिवणकामात, बांधकामावर चोरून राबतात आणि मालकाने मजुरी बुडवली तर कुठे दाद मागता येत नाही. तेहरानमध्ये शिक्षिका असलेली बाई इथे जीन्सची बटणं लावते. वर्षामागून वर्षं. मुलं तुर्की बोलत मोठी होतात आणि आईबाप अजून 'पुढच्या देशाची' वाट बघतात.

त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची आशा अमेरिकेवर होती. 2017 च्या जानेवारीत अमेरिकेने इराणसह काही देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली आणि ती रांग जागच्या जागी गोठली. व्हिएन्नामध्ये तर शंभराच्या आसपास इराणी अल्पसंख्याक, बहुतेक ख्रिश्चन, अमेरिकेच्याच योजनेतून आले होते. घरदार विकून आलेले. 2018 च्या फेब्रुवारीत त्यांच्यातल्या बहुतेकांना नकार कळवला गेला. 2025 च्या जूनमध्ये पुन्हा बंदी आली. आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेर शंभराच्या आसपास इराण्यांना घेऊन एक विमान अमेरिकेतून कतारमार्गे तेहरानकडे निघालं.

(पडद्यावर: नकाशा. सरदश्त ते इंग्लिश खाडी)

आता हे गाव बघा. सरदश्त. पश्चिम इराण, कुर्दी वस्ती, इराकची सीमा हाकेच्या अंतरावर. 28 जून 1987 ला इराकी विमानांनी इथे भर वस्तीत विषारी मस्टर्ड वायूचे बॉम्ब टाकले. त्याचा खोकला तिथल्या काही छात्यांत अजून आहे. या पट्ट्यात कारखाने नाहीत, गुंतवणूक नाही. मग लोक कोलबर होतात. 'कोल' म्हणजे पाठ. पाठीवर टायर, सिगारेटचे खोके, टीव्ही, फ्रिजसुद्धा बांधून बर्फातून सीमा ओलांडायची. सीमेवरचे सैनिक गोळ्या घालतात, कधी कडा सुटतो, कधी जुना सुरुंग फुटतो.

याच सरदश्तचं एक कुटुंब 2020 च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरून छोट्या बोटीने इंग्लंडकडे निघालं. बोट उलटली. आई, वडील आणि दोन मुलं गेली. सगळ्यात धाकटं पंधरा महिन्यांचं बाळ सापडलंच नाही. त्याचा देह 2021 च्या पहिल्या दिवशी नॉर्वेच्या किनाऱ्याला लागला होता. ओळख पटायला जून उजाडला.

ते इंग्लिश खाडीतूनच का गेले? कारण त्याआधी काही वर्षांत फ्रान्समधल्या बंदरांभोवती कुंपणं वाढली, ट्रकमध्ये लपून जाणं अवघड झालं. 2018 मध्ये छोट्या बोटींतून इंग्लंडला पोचलेले जेमतेम 300 लोक होते आणि त्यांतले बहुसंख्य इराणी होते. पाण्याची ही वाट आधी चालली ती याच लोकांनी. पुढे हजारोंच्या संख्येने इतर देशांचे लोक आले आणि इराण्यांचा वाटा कमी झाला, तरी 2024 मध्येही ब्रिटनमध्ये आठ हजारांच्या आसपास इराण्यांनी आश्रय मागितला.

काही जण म्हणतात, 'हे कसले निर्वासित, हे तर पोटासाठी आलेत.' मी या प्रश्नावर बराच विचार केला आहे. कोलबरचं काय म्हणाल? त्याची गरिबी राजकीय आहे की आर्थिक? कुर्दी म्हणून त्याच्या भागाकडे दुर्लक्ष, म्हणून काम नाही, म्हणून पाठीवर माल, म्हणून गोळी. यातला एक धागा ओढला की सगळे येतात. अर्जावर मात्र एकच रकाना भरायचा असतो.

आणि मुलाखत! धर्म बदललेल्या माणसाने 'मी खरंच ख्रिश्चन झालो' हे कसं सिद्ध करायचं? इराणमध्ये इस्लाम सोडणाऱ्याला जिवाची भीती असते, घराघरांत लपून प्रार्थना चालते, धाडी पडतात. ब्रिटनमध्ये 2019 साली एक नकारपत्र गाजलं. एका इराण्याने लिहिलं होतं की ख्रिश्चन धर्म शांततेचा वाटला म्हणून मी तो घेतला. अधिकाऱ्याने बायबलमधली हिंसेची वचनं उद्धृत करून उत्तर दिलं की हा धर्म शांततेचा नाहीच. टीका झाल्यावर ते मागे घ्यावं लागलं. खोटे दावे करणारेही असतात, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण श्रद्धा तपासायची तर निदान माणसाचं ऐकून तरी घ्या.

याच ब्रिटनमध्ये 2010 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक फार मोलाचा निकाल दिला. एक इराणी समलिंगी पुरुष आणि कॅमेरूनचा एक. खालच्या पातळीवर त्यांना सांगितलं गेलं होतं की मायदेशी जा आणि गुपचूप राहा. न्यायालय म्हणालं, जीव वाचवायला आयुष्यभर स्वतःला लपवावं लागत असेल, तर तो छळच आहे.

ऑस्ट्रेलियाचं थोडक्यात सांगतो. 19 जुलै 2013 ला त्यांनी जाहीर केलं की बोटीने येणाऱ्याला कधीच ऑस्ट्रेलियात वसू देणार नाही. माणसांना नाउरू आणि मानुस या बेटांवर ठेवलं. त्यांच्यात इराणी मोठ्या संख्येने होते. बहरूझ बुचानी हा कुर्दी-इराणी पत्रकार मानुसवर होता. त्याने फोनवरून एकेक संदेश पाठवत अख्खं पुस्तक लिहिलं. 2019 च्या जानेवारीत त्याला ऑस्ट्रेलियातला मोठा साहित्य पुरस्कार मिळाला, तेव्हाही तो मानुसवरच होता. ज्या देशाने बक्षीस दिलं, त्या देशात पाऊल टाकायची परवानगी नव्हती. पुढे त्याला आसरा दिला न्यूझीलंडने.

आता एक गोष्ट जी मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाची वाटते. इराण हा फक्त माणसं बाहेर पाठवणारा देश नाही. 2023 च्या अखेरीस जगात सर्वाधिक निर्वासित ज्या देशात होते, तो देश इराण होता. सुमारे 38 लाख, जवळजवळ सगळे अफगाण. म्हणजे ज्या राजवटीपासून इराणी पळतात, तिच्याच भूमीवर अफगाण कुटुंबं चाळीस वर्षं आसऱ्याला आहेत. आणि 2025 मध्ये, इस्रायलशी झालेल्या बारा दिवसांच्या युद्धानंतर, याच इराणने दहा लाखांहून अधिक अफगाणांना सीमेपलीकडे घालवलं. त्या युद्धात युरोपात भीती होती की इराण्यांचा लोंढा येणार. तेहरानकर गाड्या काढून निघाले खरे, पण कॅस्पियन समुद्राकाठी, गिलान-माझंदरानमधल्या नातेवाइकांकडे. बहुतेक माणसं संकटात आधी आपल्याच माणसांकडे जातात.

आणि कोल्हापूरकरांनो, हे तुमच्यासाठी. 1942 मध्ये सोव्हिएत छावण्यांतून सुटलेले एक लाखाहून अधिक पोलिश लोक, सैनिक आणि बायकामुलं, इराणमध्ये उतरले. इस्फहानमध्ये इतकी पोलिश मुलं राहिली की लोक त्याला 'पोलिश मुलांचं शहर' म्हणू लागले. त्यांच्यातले हजारो पुढे भारतात आले आणि कोल्हापूरजवळच्या वळीवडे गावातल्या छावणीत 1948 पर्यंत राहिले. वळीवड्याला पोचलेल्या कितीतरी मुलांनी भुकेनंतरची पहिली भाकरी इराणात खाल्ली होती.

शेवटी दोन मुली. किमिया अलीझादे. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तायक्वांदोत कांस्य, ऑलिंपिक पदक मिळवणारी पहिली इराणी स्त्री. 2020 च्या जानेवारीत तिने जाहीर केलं की आपण इराण सोडलं. पुढच्या वर्षी टोकियोत ती निर्वासितांच्या संघातून उतरली आणि पहिल्याच लढतीत समोर कोण? इराणची नाहिद कियानी. किमिया जिंकली. 2024 मध्ये पॅरिसला निर्वासितांच्या संघात 37 खेळाडू होते, त्यांतले 14 मूळचे इराणचे. किमिया तेव्हा बल्गेरियाकडून खेळत होती. पुन्हा समोर नाहिद. या वेळी नाहिद जिंकली. संध्याकाळी पदकं वाटली तेव्हा नाहिदच्या गळ्यात रौप्य होतं, किमियाच्या गळ्यात कांस्य. एकीच्या अंगावर इराणचं नाव, दुसरीच्या अंगावर बल्गेरियाचं, आणि दोघी एकाच चौथऱ्यावर उभ्या होत्या.