जुनी ख्रिसमस गाणी, नवे गळे

[पडद्यावर: फिरणारी तबकडी, तिच्यावर टेकलेली सुई]

डिसेंबर लागला की ही गाणी जिकडेतिकडे वाजायला लागतात. वाजतात खरी, पण आपण ती ऐकत नाही, इतकी ती सवयीची झालेली असतात. मग एखादं नवं कव्हर, म्हणजे तेच गाणं दुसऱ्या कुणी गायलेलं, कानावर पडतं, आपण दचकून कान देतो आणि लगेच म्हणतो, "छे, मूळ गाण्याची सर नाही." पण यातलं मूळ गाणं कुठलं?

'व्हाइट ख्रिसमस'चंच घ्या. अर्व्हिंग बर्लिन यांचं हे गाणं बिंग क्रॉस्बी यांनी २९ मे १९४२ रोजी ध्वनिमुद्रित केलं. मागणी एवढी आली की प्रती काढून काढून मास्टर, म्हणजे तबकड्या ज्यावरून काढतात तो मूळ साचा, झिजला. म्हणून १९ मार्च १९४७ रोजी क्रॉस्बी, तोच वाद्यवृंद आणि तेच साथगायक पुन्हा स्टुडिओत जमले आणि जुनं गाणं जमेल तितकं जसंच्या तसं पुन्हा गायले. आज आपल्याला बहुतेकदा ऐकू येतं ते हे दुसरं मुद्रण. ज्याच्याशी आपण प्रत्येक कव्हर ताडून बघतो, ते स्वतःच पुन्हा गायलेलं गाणं आहे.

आता हेच गाणं 'द ड्रिफ्टर्स' या अमेरिकी गायकसमूहाच्या आवाजात ऐका. साल १९५४. बिल पिंकनी खर्जात सुरुवात करतात, अगदी सावकाश. मग क्लाइड मॅकफॅटर यांचा उंच, नाचरा आवाज येतो आणि क्रॉस्बींच्या गाण्यातली सगळी पेंग उडून जाते. चाल तीच, शब्द तेच. बदलली ती गाणाऱ्याची वृत्ती.

[पडद्यावर: ओबर्नडॉर्फ गाव, बर्फ]

आता 'सायलेंट नाइट'. हे गाणं आपल्या मनात ऑर्गन आणि मोठ्या कॉयरसह, म्हणजे समूहगायकांसह, बसलेलं असतं. त्यामुळे कुणी एका गिटारवर ते साधेपणानं गायलं, की आपल्याला तो आजकालचा प्रयोग वाटतो. प्रत्यक्षात साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ गावात २४ डिसेंबर १८१८ रोजी ते पहिल्यांदा गायलं गेलं, तेव्हा साथीला गिटारच होती. शब्द योझेफ मोर या तरुण पाद्रींचे, चाल फ्रान्झ क्सावर ग्रुबर या शिक्षकांची. दोघांचे दोन आवाज, आणि कडव्याच्या शेवटी कॉयर. ऑर्गन, व्हायोलिनचे ताफे, शेवटच्या कडव्याला अचानक चढवलेली पट्टी, हे सगळे थर नंतर चढले. चालीतले काही सूरही वाटेत बदलले. म्हणजे खोलीत बसून एकट्या गिटारवर हे गाणं गाणारा आजचा गायक त्या रात्रीच्या जास्त जवळ आहे.

सायमन आणि गारफंकल या अमेरिकी गायकजोडीनं १९६६ मध्ये आणखी वेगळी वाट धरली. त्यांनी चालीला हातच लावला नाही. पियानोच्या साथीनं दोघं शांतपणे गात राहतात आणि खालून बातम्या वाचल्याचा आवाज वर यायला लागतो. व्हिएतनाम, खून, मोर्चे. बातम्या चढत जातात, गाणं मात्र आपली लय सोडत नाही. दोन मिनिटांचं हे मुद्रण एकदा नीट ऐकलं, की ते गाणं पुन्हा नुसतं पार्श्वसंगीत होऊ शकत नाही.

'कॅरोल ऑफ द बेल्स'ची कथाही अशीच. मिकोला लिओंतोविच यांची ही रचना कीव्हमध्ये १९१६ साली पहिल्यांदा गायली गेली. तिचं नाव 'श्चेद्रिक'. घरात शिरलेली पाकोळी नव्या वर्षाच्या भरभराटीची वार्ता देते, असं ते गाणं. त्यात ना घंटा, ना ख्रिसमस. इंग्रजी शब्द पीटर विल्हूस्की यांनी १९३६ मध्ये घातले. चार सुरांचा एक तुकडा, सारखा फिरत राहणारा, एवढ्यावर सगळी इमारत उभी आहे. 'पेंटाटोनिक्स' या गायकसमूहानं २०१२ मध्ये ते फक्त पाच गळ्यांनी गायलं. वाद्य एकही नाही. आणि लिओंतोविच यांनी लिहिलं होतं तेही वाद्यांविना, नुसत्या गळ्यांसाठीच.

कव्हर फसतं ते बहुधा भर घालण्याच्या हौसेपायी. प्रत्येक शब्दावर हरकत, मागे घुंगरांचा मारा. काढून टाकायला धीर लागतो. 'लो' या अमेरिकी बँडनं १९९९ मध्ये 'लिटल ड्रमर बॉय' इतकं संथ गायलं की दोन ओळींमधली जागाही ऐकू येते. मला ते फार आवडतं.

[पडद्यावर: मायक्रोफोनसमोर गायिका, हातात शब्दांचा कागद]

शेवटी 'हॅव युवरसेल्फ अ मेरी लिटल ख्रिसमस'. १९४४ च्या चित्रपटात जूडी गार्लंड यांनी गायलेलं. घर सोडून जायच्या वेळी मोठी बहीण धाकटीची समजूत काढते, असा प्रसंग. त्यात एक ओळ होती, तोवर कसंबसं निभावून न्यावं लागेल, अशा अर्थाची. १९५७ मध्ये फ्रँक सिनात्रा यांना आपल्या आनंदी अल्बमसाठी ती फार उदास वाटली. त्यांच्या सांगण्यावरून गीतकार ह्यू मार्टिन यांनी तिच्या जागी झाडाच्या शेंड्यावर चमकता तारा आणला. तेव्हापासून गाणाऱ्याला दोन्हींतून एक निवडावी लागते.

नवं कव्हर लागलं की मी या ओळीची वाट बघते. तारा वाईट नाही, पण माझा कौल जुन्या ओळीला. युद्ध चालू असताना, घरची माणसं आघाडीवर असताना, लोकांनी हे गाणं ऐकलं ते त्याच ओळीसकट.