‘नाहीत’ कुठे गेलं?

श्रोतेहो, नमस्कार.

देवगड तालुक्यात आमची आंब्याची कलमं आहेत. फार नाहीत, पण काकांची, आमची आणि शेजारच्या दोन घरांची मिळून हिशेब ठेवावा लागतो इतकी आहेत. हा हिशेब पूर्वी काकांच्या लाल वहीत असायचा. आता तो माझ्या कॉम्प्युटरवर, एक्सेलच्या शीटमध्ये असतो. कुठल्या तारखेला किती पेट्या गाडीत चढल्या, चार डझनी किती, पाच डझनी किती, वाशीच्या बाजारात काय भाव लागला, गाडीभाडं नि हमाली वजा जाऊन पट्टी, म्हणजे व्यापाऱ्याचा विक्रीचा हिशेब, कितीची आली, असे एकापुढे एक रकाने.

एप्रिलच्या मध्यावर, ऐन पेट्या भरायच्या घाईत, काका माझ्या मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "ह्या काय गो? माझ्या पैशांवर जाळां कोणी टाकल्यान?"

बघते तर एकूण रकमेच्या घरात, म्हणजे शीटमधल्या त्या चौकटीत, आकडाच नव्हता. दोन उभ्या, दोन आडव्या रेघांचं ते हॅशचं चिन्ह असतं ना, ते ओळीनं आठ-दहा वेळा. खरंच कोणी पाग, म्हणजे मासे धरायचं जाळं, टाकल्यासारखं दिसत होतं.

काकांचे पैसे कुठे गेले नव्हते. आदल्या दिवसापर्यंत बेरीज अठ्ठ्याण्णव हजारांच्या घरात होती, तोवर तो रकाना पुरत होता. त्या दिवशी तिनं लाख ओलांडला. एक आकडा वाढला, एक स्वल्पविराम वाढला, आणि रक्कम घरात मावेना. आपण हातानं आकडा टाइप केला तर रकाना बहुतेक वेळा आपोआप थोडा सरकून जागा करतो. पण सूत्रानं बेरीज वाढत गेली, किंवा रकाना आपणच कधी ओढून अरुंद केलेला असला, तर तो सरकत नाही. जाळी दिसते.

उपाय एका क्षणाचा आहे. वर ए, बी, सी अशी अक्षरं असतात. ज्या रकान्यात जाळी दिसतेय त्याच्या अक्षराच्या उजव्या कडेच्या रेघेवर माउस न्या. बाण दुतोंडी होतो. तिथे दोनदा टिचकी मारा. रकाना आतल्या सर्वांत लांब मजकुराइतका रुंद होतो. सगळ्या शीटचं एकदम करायचं असेल तर ए अक्षराच्या डावीकडे, अगदी कोपऱ्यात एक छोटा चौकोन असतो, त्यावर क्लिक करून सगळं निवडायचं आणि मग कुठल्याही एका रेघेवर दोनदा टिचकी. मी तसं केलं, एक लाख दोन हजार तीनशे पन्नास दिसले, काका चहा प्यायला गेले.

नवीन शीट उघडली की एक्सेल प्रत्येक रकान्याला ८.४३ इतकी रुंदी देतं. म्हणजे नेहमीच्या अक्षरात साधारण साडेआठ आकडे मावतील एवढी जागा. तीच २५५ पर्यंत वाढवता येते. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिजिकॅल्क, म्हणजे एक्सेलसारखंच रकान्यांचं जुनं सॉफ्टवेअर, आलं, तेव्हा सगळे रकाने एकाच रुंदीचे ठेवावे लागत. एक रुंद करायचा तर सगळेच रुंद. त्या मानानं आपण सुखी.

पण आज मला बोलायचंय ते जाळीबद्दल नाही. जाळी बिचारी प्रामाणिक आहे. रक्कम अर्धी कापून दाखवली असती तर एक लाख दोन हजारांचे नुसते एकशे दोन वाचले गेले असते. तसं खोटं दाखवण्यापेक्षा ती ओरडून सांगते की मला जागा नाही. अक्षरांचं मात्र तसं नसतं. अक्षरं न ओरडता कापली जातात.

त्याचं असं झालं. शीटच्या शेवटी मी ‘शेरा’ म्हणून एक रकाना ठेवला होता. एका ओळीत मी लिहिलं होतं, "दुसऱ्या पट्टीचे पैसे मिळाले नाहीत". रकाना अरुंदच होता, पण उजवीकडचं घर रिकामं होतं. शेजारचं घर रिकामं असलं की मजकूर त्याच्यावर पसरून पूर्ण दिसतो. आपल्याला वाटतं, मावलाय. मे महिन्यात भाचा सुट्टीला आला. त्यानं मदत म्हणून उजवीकडे एक नवा रकाना काढला आणि प्रत्येक पट्टीची तारीख भरून दिली. शेजारच्या घरात काहीतरी आलं, त्यामुळे माझं वाक्य आपल्या हद्दीवर कापलं गेलं. पडद्यावर उरलं, "दुसऱ्या पट्टीचे पैसे मिळाले".

आता बघा, इंग्रजीत नकार वाक्यात आधीच येऊन जातो. आपल्या मराठीत ‘नाही’ शेवटी. वाक्याचं शेपूट गेलं की अर्थ उलटा होतो, आणि उरलेलं वाक्य व्याकरणाला धरून, शहाण्यासारखं उभं राहतं. संशय यावा कशाचा?

काकांनी विचारलं, दुसऱ्या पट्टीचे पैसे आले का. मी शीट बघून म्हटलं, आले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा जरा चिडूनच म्हटलं, लिहिलंय ना इथे. पाऊस लागला, बागेत पाण्याचे चर काढायची कामं सुरू झाली, आणि त्या पट्टीची आठवण व्यापाऱ्याला कोणी केलीच नाही. जुलैमध्ये बँकेचं पासबुक आणि शीट शेजारी ठेवून बसले तेव्हा मेळ बसेना. त्या घरावर क्लिक केलं, तर वरच्या लांब पट्टीत, फॉर्म्युला बारमध्ये, अख्खं वाक्य होतं. ‘नाहीत’ सुद्धा. आत सगळं शाबूत, फक्त दिसत नव्हतं. पैसे फोन केल्यावर आले, त्याचं काही नाही. काकांना मी चिडून उत्तर दिलं होतं, ते राहिलं.

तेव्हापासून शेऱ्याच्या रकान्याला मी ‘रॅप टेक्स्ट’ लावून ठेवते. होम टॅबमध्ये ते बटण असतं. त्यानं मजकूर शेजाऱ्याच्या अंगणात न जाता आपल्याच घरात दुसऱ्या ओळीवर उतरतो आणि ओळीची उंची वाढते. एकाच घरात आपल्याला हवी तिथे ओळ तोडायची असेल तर ऑल्ट दाबून धरून एंटर मारायचं. एक मात्र आहे. ओळीची उंची आपण कधी हातानं ओढून ठरवली असेल तर ती मग आपोआप वाढत नाही. तेव्हा डावीकडच्या ओळक्रमांकाच्या खालच्या रेघेवर तशीच दोनदा टिचकी मारावी. देवनागरीला तर हे फारच लागतं. आपल्या वेलांट्या वर जातात, उकार खाली लोंबतात. उंची जरा कमी पडली तर आडनाव मुळ्यांचं असून मळ्यांचं वाचलं जातं.

दोन जागी मी स्वतः फसलेय, म्हणून सांगते. शीटच्या डोक्यावर हौसेनं लांब शीर्षक लिहिलं आणि मग टिचकी मारली, तर पहिला रकाना शीर्षकाइतका लांबलचक झाला आणि बाकीचे पडद्याबाहेर गेले. अशा वेळी शीर्षक सोडून फक्त खालची घरं निवडायची आणि ‘फॉरमॅट’मधून ‘ऑटोफिट कॉलम विड्थ’ घ्यायचं. आणि दोन-तीन घरं एकत्र जोडलेली असतील, ज्याला मर्ज म्हणतात, तर तिथे ही आपोआप मापं चालतच नाहीत. मी हिशेबाच्या शीटमध्ये घरं जोडणं सोडूनच दिलंय.

छापताना थोडी मोकळी जागा ठेवावी. पडद्यावर बरोब्बर बसलेला आकडा कागदावर कधीकधी जाळी होऊन येतो. आंब्याच्या पेटीत आपण गवत घालतो ना, तेवढी सैल जागा.

आणि रकाना कितीही रुंद केला तरी न सुटणारी एक गोष्ट आहे: खातेक्रमांक. सुरुवातीची शून्यं गळतात, पंधरा आकड्यांच्या पुढचे आकडे शून्य होऊन जातात. ते घर आधी ‘टेक्स्ट’ म्हणून ठरवायचं आणि मग क्रमांक लिहायचा.

मी शेरा लिहायची पद्धतही बदलली. आता आधी लिहिते, "बाकी", मग काय ते. कापलं गेलंच तर शेपूट जाईल, डोकं राहील. काकांना शीट छापून देते. ते चष्मा लावून शेवटच्या रकान्यापासून वाचायला सुरुवात करतात आणि प्रत्येक ओळीला मला विचारतात, "ह्यो शेरो पुरो आसा मां?"

मी आता न चिडता उठते, आणि त्यांच्यासमोर त्या घरावर क्लिक करून वरची पट्टी दाखवते.

नमस्कार.