नळाच्या शेवटच्या टोकाचे घर

श्रोतेहो, नमस्कार.

गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत आपल्या अनेक वाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचे अंतर थोडे, नद्या आखूड, जांभा दगड सच्छिद्र. त्यामुळे चार महिन्यांत कोसळलेले बरेचसे पाणी पाहता पाहता अरबी समुद्राला मिळते. मांडवी आणि जुवारी यांच्या खालच्या भागात भरतीबरोबर खारे पाणी वर चढते, म्हणून दारासमोरून भरलेली नदी वाहत असली, तरी पिण्याचे पाणी दुरून आणावे लागते. पणजी आणि तिसवाडीला ते खांडेपार नदीवरच्या ओपा प्रकल्पातून मिळते, सासष्टी आणि मुरगावला सांगे तालुक्यातील साळावली धरणातून, तर बार्देशाची भिस्त अस्नोडा प्रकल्पावर आणि तिळारीच्या कालव्यावर आहे. हे तिळारीचे धरण तर शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. कालव्याला भगदाड पडले की म्हापशाकडचे नळ कोरडे पडतात, हे बार्देशकरांना वेगळे सांगायला नको.

साळावलीच्या जलाशयाखाली कुर्डी गाव गेले. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे हे गाव. मे महिन्यात पाणी उतरले की घरांची जोती आणि सोमेश्वराचे देऊळ उघडे पडते, आणि विस्थापित झालेली कुटुंबे तेथे देवाच्या उत्सवाला जमतात. मडगाव-वास्कोच्या स्वयंपाकघरात तोटी फिरवताच जे पाणी येते, त्यासाठी कुणीतरी आपले अंगण, माडापोफळीचे कुळागर आणि शेत सोडले आहे. पाणी जपण्याची इतर कारणे मी पुढे सांगणारच आहे, परंतु माझ्या दृष्टीने हे एक कारणसुद्धा पुरेसे आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा हे देशातील पहिले ‘हर घर जल’ प्रमाणित राज्य ठरले. ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र नळजोडणी घरोघर पोचली म्हणून पाणी घरोघर सारखे पोचते, असे नाही. जलवाहिनीवर जे घर आधी आणि सखल जागी असते, त्याला पाणी लवकर आणि जोराने मिळते; टेकडीवरच्या किंवा वाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या घरात तेच पाणी दाब कमी झाल्यामुळे बारीक धारेने, पुष्कळदा रात्री उशिरा येते. म्हणजे पाण्याची वाटणी सरकारी कचेरीत जेवढी ठरते, तेवढीच ती आपल्या घरात आपण तोटी किती वेळ उघडी ठेवतो यावरही ठरते. सखल भागातील घराने सकाळच्या वेळी हात राखून पाणी घेतले, तर त्याचा लाभ सर्वांत आधी त्याच वाड्यावरच्या वरच्या घराला होतो.

याच संदर्भात एका सवयीबद्दल स्पष्ट बोलणे मला आवश्यक वाटते. काही घरांत आणि इमारतींत पंप थेट मुख्य वाहिनीला जोडून पाणी ओढले जाते. त्यामुळे शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी तर जातेच, शिवाय वाहिनीत दाब घटून शोषण निर्माण होते आणि जेथे जोड सैल असेल किंवा तडा असेल, तेथून गटाराचे दूषित पाणी आत खेचले जाते. ते पाणी मग पंप लावणाऱ्याच्याही घरात शिरते. जमिनीखालच्या टाकीत पाणी आपल्या गतीने पडू द्यावे आणि त्या टाकीतूनच ते पंपाने गच्चीवर चढवावे, हीच योग्य रीत आहे. आपल्या सोसायटीत जोडणी कशी आहे, हे पुढच्या सभेत विचारून घ्यावे.

आता हिशोब पाहू. राज्य सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी महिन्याला १६,००० लिटरपर्यंत पाणी मोफत केले होते. चार माणसांच्या कुटुंबात हे प्रमाण दर माणशी दिवसाला सुमारे १३३ लिटर पडते. शहरी पाणीपुरवठ्याच्या आखणीत दर माणशी १३५ लिटर धरले जातात, त्यामुळे या मर्यादेत राहण्यासाठी कुणालाही हाल सोसावे लागत नाहीत. जाते कुठे, ते मात्र पाहावे लागते. बादली आणि तांब्या घेतला, तर वीस लिटरमध्ये आंघोळ नीट होते. शॉवरखाली दहा मिनिटांत साठ-सत्तर लिटर सहज वाहून जातात. शौचालयाची जुनी टाकी एका वेळी दहा लिटरांहून अधिक पाणी सोडते, दोन बटणांची नवी टाकी तीन किंवा सहा. सेकंदाला एक थेंब गळणारी तोटी दिवसाकाठी बादलीभर पाणी घालवते, आणि तिच्यातील वायसर बदलायला फारसा वेळही लागत नाही. आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे बहुधा दोन-तीन लिटर बाजूला टाकते. त्याची नळी बादलीत सोडली, तर त्या पाण्याने लादी पुसता येते.

आपल्या जुन्या घरांना हे शहाणपण ठाऊक होते. न्हाणीतल्या भाणात जेवढे पाणी तापवले, तेवढ्यातच घरातल्या सर्वांनी भागवायचे असे. मासळी धुतलेले पाणी माडाच्या आळ्यात जाई, मोरीच्या सांडपाण्यावर केळी आणि अळू वाढे. कुळागरांमध्ये पाटाचे पाणी पाळीपाळीने घेतले जाई आणि आपली पाळी संपली की पाट शेजाऱ्याकडे वळवावाच लागे. नळ आल्यावर ही पाळी आपण विसरलो, आणि विहिरींकडेही पाठ फिरवली. कित्येक अंगणांतील विहिरी आज जाळी टाकून बंद आहेत, काहींत तर कचरा आहे. ज्यांच्या विहिरीला मे महिन्यातही पाणी टिकते, त्यांनी गाळ काढून ती नांदती ठेवावी आणि शेजारच्या भाड्याच्या खोल्यांत एका नळावर भागवणाऱ्या कुटुंबांना धुण्या-भांड्यांसाठी तेथून पाणी नेऊ द्यावे. किनाऱ्यालगतच्या विहिरींतून मात्र पंपाने बेसुमार उपसा करू नये, कारण गोडे पाणी खाली गेले की जमिनीतून खारे पाणी आत सरकते आणि मग एकट्या आपलीच नव्हे, आसपासच्या सर्वांची विहीर बिघडते.

विहिरीला पाणी हवे, तर पाऊस मुरवावा लागेल. शंभर चौरस मीटर छपरावर आपल्याकडच्या पावसाळ्यात सुमारे तीन लाख लिटर पाणी पडते. त्यातील काही उडून-सांडून जाईल असे धरले, तरी हा आकडा महिन्याच्या त्या १६,००० लिटरांच्या वर्षभराच्या बेरजेहून मोठा राहतो. पन्हळीचे पाणी रस्त्यावरच्या गटारात सोडण्याऐवजी गोटे आणि वाळू भरलेल्या शोषखड्ड्यातून विहिरीच्या आसपास मुरवता येते. पहिल्या एक-दोन सरी तेवढ्या बाहेर जाऊ द्याव्यात, कारण त्यांच्याबरोबर छपरावरची धूळ, शेवाळ आणि पाखरांची घाण येते. अंगणात सिमेंटचे ठोकळे बसवायचेच असतील, तर माडापोफळीभोवतीची माती तरी उघडी ठेवावी.

मृग नक्षत्र जवळ आले आहे. पन्हळी आणि कौले साफ करणारा कारागीर या दिवसांत सहजासहजी मिळत नाही, तेव्हा त्याला आजच सांगून ठेवावे, आणि तो येईल तेव्हा पन्हळीचे तोंड विहिरीकडे वळवून घ्यावे.