लाइट नसलेल्या घरांचा रेडिओ

पंचवटीतल्या या टेबलावर उघडून ठेवलेला रेडिओ दिंडोरी तालुक्यातून आलाय. गावात वीज पोचण्याआधीचा सेट. ड्राय बॅटरीच्या जड पॅकवर चालायचा. ते पॅक दुकानातून कधीच गेले, म्हणून दुरुस्ती करणारे काका त्याच्यासाठी घरीच पॉवर सप्लाय बांधतायत.

सेटला दोन व्होल्टेज लागतात. व्हॉल्व्ह म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या. त्यांच्या प्लेटला ९० व्होल्ट, फिलामेंटला, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेला, अवघे १.४. यातले चार व्हॉल्व्ह: डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६, डीएल ९६. चौघांची फिलामेंट मिळून फक्त १२५ मिलिअँपिअर घेतात, इतकी ती तार नाजूक! या व्हॉल्व्हमध्ये फिलामेंट हाच कॅथोड, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारा भाग. त्याला एसी दिला, तर स्पीकरमधून नुसती घरघर. आणि चुकून पाच-सहा व्होल्ट गेले, तर चारही व्हॉल्व्ह एका क्षणात संपले. असे व्हॉल्व्ह आता कोण बनवतो?

म्हणून सगळा जीव या छोट्या व्होल्टेजमध्ये. व्होल्टेज स्थिर ठेवणारा एलएम ३१७ रेग्युलेटर, २४० आणि २७ ओहमचे रेझिस्टर, आउटपुट सुमारे १.३९ व्होल्ट. इथे काका प्रीसेट, म्हणजे फिरवून कमी-जास्त करायचा छोटा रेझिस्टर, लावत नाहीत. त्याचा आतला काटा सैल झाला, की व्होल्टेज उसळतं.

९० व्होल्टसाठी दोन ट्रान्सफॉर्मर. पहिला २३० चे १२ करतो. दुसरा २४ व्होल्टचा, पण उलटा जोडलेला, म्हणजे ते १२ व्होल्ट त्याच्या २४ च्या बाजूला. त्यातून शंभरेक व्होल्ट एसी मिळतो. पुढे एसीचा डीसी करणारा चार डायोडचा ब्रिज, कंडेन्सर, रेझिस्टर आणि व्होल्टेज धरून ठेवणारा ९१ व्होल्टचा झेनर डायोड.

ट्रान्सफॉर्मर वगळून थेट मेन्सवरून सप्लाय काढायचा सल्ला कुणी दिला, तर अजिबात ऐकू नका. चॅसिसमध्ये, म्हणजे सेटच्या धातूच्या सांगाड्यात, करंट उतरू शकतो, आणि नॉबचा स्क्रूही जिवावर बेततो. ट्रान्सफॉर्मर असला तरी ९० व्होल्टचा झटका लागतोच. म्हणून कंडेन्सरवर एक लाख ओहमचा रेझिस्टर, स्विच बंद केल्यावर चार्ज उतरायला. पहिल्या ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला, म्हणजे २३० च्या बाजूला, फ्यूज हवाच.

सेट अजून जोडलेला नाही. आधी १.४ व्होल्टच्या बाजूला सेटऐवजी १२ ओहमचा रेझिस्टर लोड म्हणून लावून मीटर बघायचा. मग ९० व्होल्टच्या बाजूला दहा हजार ओहम. स्टेशन लागल्यावरच गुणगुण येत असेल, तर ब्रिजच्या प्रत्येक डायोडवर ०.०१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. बहुतेक वेळा ती जाते.

हे सगळं बॅटरीच्याच कप्प्यात बसवायचं, कॅबिनेटला नवं भोक पाडायचं नाही, हा काकांचा हट्ट. आम्हाला तो शंभर टक्के पटतो.