शब्द तेच, आवाज वेगळा

श्रोतेहो, नमस्कार. ऑनलाइन गटांत व्हॉइस आणि व्हिडिओ चॅट आलं की पूर्वग्रह बळावतो का? यावरचा एक प्रयोग मला फार आवडतो.

'हेलो ३' हा नेमबाजीचा व्हिडिओ गेम. अनोळखी खेळाडू हेडसेट लावून, गप्पा मारत खेळतात. कुझनेकॉफ आणि रोज या संशोधकांनी तिथे तीन खाती उघडली. एक पुरुषाच्या आवाजात बोलायचं, दुसरं बाईच्या, तिसरं तोंडच उघडायचं नाही. गंमत म्हणजे वाक्यं आधीच रेकॉर्ड केलेली होती आणि दोन्ही आवाजांत तीच. 'नमस्कार मंडळी', 'हा नकाशा आवडतो मला', असली साधी. त्यात कुणाला टोचावं असं काय होतं? पण एकदा बाईच्या आवाजातल्या नुसत्या नमस्काराला पलीकडून थेट शिवी आली! निष्कर्ष २०१३ साली छापून आले. बाईच्या आवाजाला पुरुषाच्या आवाजापेक्षा, आणि गप्प खात्यापेक्षाही, सरासरी तिप्पट वाईट शेरे. पुन्हा सांगतो, वाक्यं तीच होती. बदलला तो फक्त आवाज.

बोलीचंही तसंच. १९९९ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात नुसत्या 'हॅलो'वरून ऐकणाऱ्यांनी बोलणाऱ्याची बोली बऱ्यापैकी ओळखली. व्हिडिओत तर रंग, वय, मागची भिंत, सगळंच समोर.

पूर्वग्रह माणूस आधीपासूनच बाळगून असतो, आवाज त्याला निमित्त देतो. त्यात लिहिलेली शिवी दाखवता येते; बोललेली विरून जाते, आणि 'मी असं म्हणालोच नाही' म्हणायला मोकळे. (पाच-पाच मिनिटांच्या व्हॉइस नोट पाठवणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे, दोन ओळी टाइप करा हो!)

गट चालवत असाल तर नव्या सदस्याला पहिला आठवडा लेखी चॅटच द्या. कॅमेऱ्याची सक्ती नको. माइक 'पुश टू टॉक'वर ठेवायला सांगा. बटण दाबेपर्यंत घरातलं बोलणं बाहेर जात नाही. आवाज बदलणारं सॉफ्टवेअर मात्र सुचवू नका. शिव्या खाणाऱ्यानंच लपायचं, हा कुठला न्याय? व्हॉइस रूममध्ये एक मॉडरेटर हजर हवाच. शिवी कानावर आली की त्यानं तिथल्या तिथे वेळ, नाव आणि नेमके शब्द लिहून ठेवायचे. तासाभरानं प्रत्येकाला वेगळंच आठवतं.