‘आमच्याकडे तसं म्हणतातच’
(खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेलं भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, बेळगावच्या ज्या पोरांनी गोव्यात जाऊन फुटबॉल खेळलाय, त्यांना ‘घाटी’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. चोर्ला घाट उतरून खाली गेलं की कधी ना कधी तो कानावर पडतोच. अर्थ बघायला गेलं तर घाटावर राहतो तो घाटी, त्यात वाईट ते काय? गोव्यातले माझे चांगले मित्र मनापासून हेच सांगतात, ‘अरे, आमच्याकडे तसं म्हणतातच.’ पण तुम्हाला खाली पाडून, वर कानाशी येऊन कुणी ‘घाटी’ म्हणतो, तेव्हा तो तुमचा पत्ता सांगत नसतो. ते तुम्हालाही कळतं आणि त्यालाही.

आज मला या एका वाक्याबद्दलच बोलायचंय. आमच्याकडे तसं म्हणतातच.

१५ ऑक्टोबर २०११. लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावर लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेडचा सामना. उरुग्वेचा लुईस सुआरेझ आणि फ्रान्सचा पॅट्रिस एव्हरा यांची गोलसमोर वादावादी झाली, तीही स्पॅनिशमध्ये. सुआरेझनं आपल्याला ‘नेग्रो’, म्हणजे ‘काळ्या’, म्हटलं अशी एव्हरानं तक्रार केली. शब्द वापरल्याचं सुआरेझनं नाकारलं नाही. आमच्या उरुग्वेत मित्राला, घरच्या माणसालाही तसं म्हणतात, हा त्याचा बचाव. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं नेमलेल्या आयोगानं हा बचाव उडवून लावला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी स्पॅनिश भाषेच्या दोन जाणकारांना बोलावलं. जाणकार म्हणाले, होय, तिकडे हा शब्द प्रेमानंही वापरतात. पण भांडण चाललेलं असताना, समोरच्याला डिवचायला वापरला तर तिकडेही तो अपमानच. आयोगाचा अहवाल ११५ पानांचा आहे. सुआरेझनं तो शब्द सात वेळा वापरला असा निष्कर्ष निघाला आणि आठ सामन्यांची बंदी, ४० हजार पौंड दंड झाला.

म्हणजे शब्द कुठला, यापेक्षा तो कुठल्या घडीला, कुणी कुणाला म्हटला हे त्यांनी तपासलं. दोन भाषांत वाढलेल्या आपल्या सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं शिकवायला नको. ‘काळ्या’ म्हणून आई पोराला हाक मारते, कन्नड घरात ‘करिया’ म्हणते, तेव्हा त्यात माया असते. तोच शब्द अनोळखी माणसानं मैदानात फेकला की त्यातून आई निघून जाते.

आता दुसरी बाजूही मांडतो, कारण प्रकरणं नेहमी इतकी सरळ नसतात. उरुग्वेचाच एडिन्सन कवानी. नोव्हेंबर २०२०. साउथम्प्टनविरुद्ध दोन गोल केल्यावर एका मित्रानं इन्स्टाग्रामवर अभिनंदन केलं, आणि कवानीनं त्याचे आभार मानताना ‘नेग्रितो’, म्हणजे लाडानं ‘काळ्या’, लिहिलं. इथं भांडण नाही, डिवचणं नाही. अपमानाचा हेतू नव्हता हे आयोगानंही मान्य केलं, तरी तीन सामन्यांची बंदी आणि एक लाख पौंड दंड झाला. उरुग्वेची भाषा अकादमी यावर भडकली. मला स्वतःला ही शिक्षा जास्त वाटते. सुआरेझ आणि कवानी यांना एकाच तागडीत घातलं की खऱ्या तक्रारीचं वजन कमी होतं.

आणि पुरावा? ग्लासगोमध्ये २०२१ च्या मार्चमध्ये ओंद्रेय कुदेला या खेळाडूनं तोंडावर हात धरून ग्लेन कमाराच्या कानात काहीतरी म्हटलं. वंशावरून हिणवल्याचा आरोप त्यानं नाकारला, तरी युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, दहा सामन्यांची बंदी घातली. इंग्लंडचा खेळाडू जॉन टेरी याचं तर कोर्टात गेलं. अँटन फर्डिनंडला वंशावरून शिवी दिल्याच्या खटल्यात २०१२ च्या जुलैमध्ये तो निर्दोष सुटला, आणि सप्टेंबरमध्ये असोसिएशननं त्याच प्रकरणात चार सामने आणि २ लाख २० हजार पौंडांची शिक्षा दिली. लोकांना हे विचित्र वाटतं. पण फौजदारी कोर्टाला संशयापलीकडचा पुरावा लागतो, खेळाच्या समितीला ‘असं घडलं असण्याची शक्यता जास्त’ एवढं पुरतं. दोन्ही निकाल एकाच वेळी खरे असू शकतात.

पंच म्हणून मला सगळ्यात लागलेली गोष्ट पॅरिसची. ८ डिसेंबर २०२०. तिथं तर चौथ्या पंचावरच आरोप झाला. इस्तंबूलच्या संघाचे सहायक प्रशिक्षक पिएर वेबो यांना कार्ड दाखवायचं होतं. वेबोंच्या अंगावर नंबर नव्हता, म्हणून त्या पंचानं आपल्या रोमानियन सहकाऱ्याला रोमानियन भाषेत ‘तो काळा’ असं सांगितलं. दोन्ही संघ मैदान सोडून गेले, उरलेला सामना दुसऱ्या दिवशी वेगळे पंच आणून खेळवला. डेंबा बा या खेळाडूनं त्या पंचाला तिथंच विचारलं, की गोऱ्या माणसाला तुम्ही ‘तो गोरा’ म्हणत नाही, ‘तो माणूस’ म्हणता. मग काळ्या माणसालाच ‘तो काळा’ का?

ते मी टीव्हीवर ऐकलं आणि रात्री झोप लागली नाही. कारण माझ्याकडून याहून वाईट घडलं होतं.

इथल्याच एका गावची स्पर्धा. एप्रिलचं ऊन, दोरीला लागून शे-दीडशे माणसं. उजव्या बगलेवर आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाचा एक पोरगा, सतरा-अठरा वर्षांचा. थ्रो-इन त्याच्याकडे आला. पाठीमागून दोन हातांवरून आवाज, ‘ए हबशी, टाक की!’ मग कुणीतरी माकडाचा आवाज काढला. मग हसू. पोरानं चेंडू जर्सीला पुसला. परत पुसला. चेंडू कोरडा खटखटीत होता. मी घड्याळ बघितलं, धावत गेलो आणि त्यालाच पिवळं कार्ड दाखवलं. कारण लिहिलं, वेळकाढूपणा.

हाफटाइमला तो पाण्याच्या पिंपाजवळ एकटा उभा होता. मी समजूत घालायला गेलो आणि म्हणालो, ‘लक्ष देऊ नको रे, आमच्याकडे तसं म्हणतातच.’

तो म्हणाला, ‘सर, मी पण हितलाच हाय की.’

मला उत्तर सुचलं नाही. सिद्दी आपल्या या रानात शेकडो वर्षं आहेत. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्यांपैकी बरेच जण पळून घाटावरच्या जंगलात आले. हल्याळ, येल्लापूर, आपला खानापूर. घरात कोकणी-मराठी, बाजारात कन्नड. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींना अनुसूचित जमातीत घेण्याचा कायदा झाला तो २०२० साली, इतक्या उशिरा. आणि ‘हबशी’ म्हणजे मुळात हबश देशाचा, आजच्या इथिओपियाचा माणूस. मलिक अंबर हबशीच होता, दख्खनचं राज्य चालवत होता. शब्दाची ती इज्जत आपण घालवली, दोरीपाशी उभं राहून.

हे इतर कुठंतरी घडतं असं समजू नका. २०२४ च्या मार्चमध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यात आयव्हरी कोस्टच्या खेळाडूला प्रेक्षकांनी मारहाण केली. आपल्याला माकड म्हणून हिणवल्याची तक्रार त्यानं पोलिसांत दिली. फुटबॉलवेडा मुलूख आहे तो, आपल्या कोल्हापूरसारखा.

नियमपुस्तकात अडचण नाही. बाराव्या नियमात अपमानकारक भाषेला आणि हावभावाला लाल कार्ड आहे. पण ते खेळाडूला आणि संघाच्या माणसांना. दोरीबाहेरच्या माणसाचं काय, तर त्यासाठी फिफाच्या तीन पायऱ्या आहेत. आधी खेळ थांबवून माइकवरून ताकीद. परत झालं तर संघ आत न्यायचे. तरीही थांबलं नाही तर सामना रद्द. २०२४ पासून खेळाडूनं मनगटावर मनगट ठेवून फुली दाखवली की पंचानं पहिली पायरी चढायची.

आपल्या स्पर्धांत आत न्यायला खोली नसते, मंडप तर असतो. माइकही असतो, त्यावर देणगीदारांची नावं दिवसभर वाचली जातात. समोर तीन-चार मंडळांचे कार्यकर्ते बसलेत, त्यांना माझी हात जोडून विनंती. ताकदीनं वाचायची ती ताकीद ऐनवेळी सुचत नाही, म्हणून चार ओळींचा मजकूर मी लिहून आणलाय, मराठीत आणि कन्नडमध्ये. कन्नड आमच्या शेजारच्या मास्तरांकडून तपासून घेतलंय. बाहेर चपलांजवळच्या टेबलावर कागद ठेवलेत. जाताना एकेक घेऊन जा आणि माइकवाल्याच्या खिशात ठेवा.