गिअर पडत नाही म्हणून लगेच गिअरबॉक्स खोलू नका

नमस्कार मंडळी. इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या गराजमध्ये जुना गार्डन ट्रॅक्टर उभा आहे, कोणाला घराबरोबरच मिळालाय, कोणी शेजारच्या म्हाताऱ्याकडून घेतलाय, आणि तक्रार फिरून फिरून तीच, गिअर पडत नाही, खरखरतो, नाहीतर पडला की निघतच नाही. मी आज फक्त कब कॅडेटवर बोलणार आहे, आणि त्यातही १९६३ पासूनची ती गिअरवाली छोटी मॉडेलं, ७०, १००, १०२, कारण तुम्ही मला जे फोटो पाठवले त्यात हीच जास्त दिसली.

आधी हे मशीन काय आहे ते बघू. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ मध्ये केंटकीतल्या लुईव्हिलच्या कारखान्यात कब कॅडेट काढला, आणि त्याला मागचा गिअरबॉक्स दिला तो त्यांच्याच फार्मॉल कब या शेतातल्या ट्रॅक्टरच्या घराण्यातला. म्हणजे दिसायला गवत कापायचं यंत्र, पण मागे बिडाचं जाड हाउसिंग आणि आत शेतीच्या कामाचे गिअर. तुमच्यापैकी ज्यांच्या गावाकडे महिंद्राचा जुना बी-२७५ होता त्यांना सांगतो, तो पण मूळचा ह्याच हार्वेस्टरचा, १९६३ मध्ये महिंद्राने त्यांच्याबरोबर कंपनी काढली आणि कांदिवलीत तो बनायला लागला. तेव्हा हे घराणं आपल्या ओळखीचं आहे.

असा गिअरबॉक्स सहजासहजी मरत नाही. तीन पुढचे, एक रिव्हर्स, सरकते सरळ दातांचे गिअर, सिंक्रोमेश, म्हणजे चालत्या गाडीत गिअरांचा वेग जुळवून देणारी सोय, वगैरे काही नाही. म्हणूनच चालत्या गाडीत गिअर बदलायचा नाही, पूर्ण थांबायचं आणि मग बदलायचा. कारसारखा चालवायला गेलात तर दात खाणारच, त्यात मशीनचा दोष नाही.

आता मुद्द्याचं. इंजिन बंद करा, चावी काढा, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला ठेवा, पुढच्या चाकांना लाकूड लावा. मग मागचं चाक हाताने थोडं मागेपुढे हलवत चारही गिअर टाकून बघा. चाक हलवायचं कारण असं की दातावर दात आला तर चांगला गिअरसुद्धा आत जात नाही, जरा हललं की खाच सापडते आणि टक्कन बसतो. बंद इंजिनवर चारही गिअर सुरळीत पडले आणि चालू इंजिनवर खरखर होत असेल, तर गिअरबॉक्स सोडून द्या, त्याला हातही लावू नका, तुमचा क्लच सुटत नाहीये. मला ही गोष्ट अगदी ठासून सांगायचीय, कारण लोक मागचा अख्खा भाग फ्रेमपासून सोडवतात, शनिवार-रविवार घालवतात, सील फाडतात, आणि आत सगळं ठणठणीत निघतं.

क्लच कुठे आहे, तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या शाफ्टवर, फ्रेमच्या आत. कोरडी क्लच प्लेट, मागे मोठी स्प्रिंग, रिलीज बेअरिंग, आणि ते दाबणारा लिव्हर. पेडल पूर्ण दाबल्यावर, गिअर न्यूट्रलमध्ये असताना, इंजिन चालू असलं तरी गिअरबॉक्सकडे जाणारा शाफ्ट थांबायला पाहिजे. हे लांबून टॉर्च मारून बघा, हात, बाही, ओढणी काही जवळ नेऊ नका. शाफ्ट रेंगाळत फिरत राहिला तर तोच तुमचा चोर.

मग तो का थांबत नाही? पहिलं अॅडजस्टमेंट. लिव्हर आणि रिलीज बेअरिंगमध्ये एक-सव्वा मिलिमीटरची फट पाहिजे, ती वाढत गेली की पेडल तळाला टेकतं आणि क्लच अर्धाच सुटतो. पण नुसता पेडलचा रॉड आवळून पुढे जाऊ नका, फट वाढली का ते शोधा. ही बघा पेडल आणि क्लचमधल्या जोडणीतली पिन, हातात फिरवून बघा सगळ्यांनी. एका बाजूला झिजून पार खड्डा पडलाय, आणि जिथे ती बसते ते भोक गोल राहिलेलं नाही, अंड्यासारखं लांबट झालंय. पेडलची अर्धी हालचाल अशा दोन-तीन ठिकाणी नुसती ढिलाईत जिरते, बेअरिंगपर्यंत पोचतच नाही. साठ वर्षांच्या लिंकेजला हे होणारच, नवीन पिन स्वस्त आहे, भोकात बुश मारून घेतलं की पेडल एकदम वेगळं लागतं. आणि दुसरं, शाफ्टचं पुढचं टोक ज्या बुशमध्ये फिरतं ते कोरडं पडून धरायला लागलं तर क्लच सुटूनही इंजिन शाफ्टला ओढत राहतं, तेव्हा शाफ्ट काढलाच असेल तर ते बघून घ्या.

आता उलटी केस, इंजिन बंद असतानाही गिअरचा लिव्हर हलत नाही. इथे बहुतेक वेळा त्या लिव्हरचं खालचं टोक झिजलेलं असतं. आत दोन रेल, म्हणजे सरकणाऱ्या दांड्या आहेत, एकावर फर्स्ट आणि रिव्हर्स, दुसऱ्यावर सेकंड आणि थर्ड, आणि लिव्हरचं टोक एकातून निघून दुसऱ्यात जातं. टोक गोल झालं की ते मधेच निसटतं, एक रेल गिअरमध्येच राहते आणि दुसरी हलते, झालं, दोन गिअर एकदम, चाकं जाम. घाबरू नका. वरचं लिव्हरचं कव्हर उघडून स्क्रूड्रायव्हरने दोन्ही फोर्क, म्हणजे गिअर सरकवणारे रेलवरचे काटे, ढकलून न्यूट्रलला आणता येतात. पण टोकाला वेल्डिंगचा भराव देऊन घासून पुन्हा आकारात आणलं नाही, तर पुढच्या वळणावर परत तेच होणार.

चढावर गिअर आपोआप सुटतो म्हणणाऱ्यांनी रेलला जागेवर धरणारा लॉक बॉल आणि त्याची स्प्रिंग बघावी, फोर्क रेलवर ढिला झालाय का बघावं. दातांच्या कडा गोलावल्या असतील तर तो गिअर बदलण्यावाचून उपाय नाही, तिथे मी कोणाला खोटी आशा लावणार नाही.

मागून काका विचारतायत की फक्त थंडीतच अडकतो, उन्हाळ्यात काहीच नाही. काका, तेल बघा. लिव्हरच्या बुडाचं रबर फाटलेलं असतं, पावसाचं पाणी तिथून आत जातं, तेलाखाली साचतं आणि गोठतं, मग गिअर बर्फात बसलेला असतो, त्याला जोर लावलात तर फोर्क वाकेल. थोडं तेल काचेच्या बरणीत काढा, चहाच्या रंगाचं, दुधाळ निघालं तर पाणी आहे. काही जणांनी ९० नंबरचं जाड गिअर ऑइल ओतलेलं असतं, तेही थंडीत गुळासारखं घट्ट होतं. सगळं गरम असताना काढा, नवीन रबर बसवा आणि हायट्रान, म्हणजे हार्वेस्टरचंच ट्रान्समिशन ऑइल, भरा, साधारण सात पिंट म्हणजे सव्वातीन लिटरच्या आसपास लागतं. काढलेलं तेल फडक्यातून गाळून घ्या. बारीक राखाडी पावडर असेल तर काळजी नाही, दाताचा तुकडा हाताला लागला तर मात्र मला फोन करा, मग आपण मागचा भाग सोडवायला बसू.